दोनशेची गाळणी

३ जुलै २०१९
वरठीला उतरले. कारखाना सुटायची वेळ, त्यामुळे सायकली आणि मोटारसायकलींच्या गर्दीतून रिक्षावाल्याने मला नि माझ्या पेट्यांना शाबूत आणलं, हेच नशीब. आमची प्रयोगशाळा म्हणजे पूर्वीची कोसा रेशमाच्या हातमागांची शेड. घरमालकीण चंद्रभागाबाई साठीच्या, एकट्या. शेडच्या मोरीतून वाहणाऱ्या पाण्यावर त्यांनी अळू असं माजवलंय की एका पानाखाली मी मावेन. "बाजारातलं कायले खाऊन राहिली, पोरी? मी आहो ना," म्हणत अळूवड्या पुढे केल्या. जागा मला फार आवडली.

९ जुलै
काम सोपं नाही. औषध भरलेले पॉलिमरचे कण उंदरांच्या कर्करोगाच्या गाठीत पोचवायचे. कणांत हिरवा रंग असतो, निळ्या दिव्याखाली तो चमकतो. निरोगी रक्तवाहिन्या कणांना बाहेर सोडत नाहीत, गाठीतल्या गळक्या असतात, म्हणून फक्त गाठच हिरवी दिसते. पण आमचे कण दोनशे नॅनोमीटरचे, ते गाठीच्या कडेलाच अडकतात. आमचे प्रमुख भूपेंद्रसर नागपुरातून फोनवर म्हणाले, लहान करा.

१८ जुलै
तीस नॅनोमीटर जमले. गाठ गाभ्यापर्यंत हिरवी. शेडमध्ये एकटीनेच टाळ्या वाजवून घेतल्या. मग भांडी धुतली, कण मोरीत जाऊ नयेत म्हणून बसवलेली सांडपाण्याची गाळणी पाहिली. अगदी स्वच्छ. चंद्रभागाबाईंनी कौतुकाने दुप्पट वड्या दिल्या.

२ ऑगस्ट
चंद्रभागाबाईंच्या फणीत केसांचा गुंताच निघाला. उमरच झाली आता, म्हणून हसल्या. माझीही फणी भरते. मी इथल्या पाण्याला नावं ठेवली.

६ ऑगस्ट
दुपारी वड्यांचा डबा टेबलावर उघडा राहिला होता. उंदीर पाहायला खोली अंधारी करून निळा दिवा लावला, तर वड्या हिरव्या चमकल्या. धावत जाऊन अळूचं पान आणलं. शीर न् शीर हिरवी.
गाळणी स्वच्छ होती, कारण तिच्यात काही अडकतच नव्हतं. ती दोनशेच्या कणांसाठीची. कण लहान केले आणि गाळणी बदलायची मी विसरले. तेव्हापासून सगळं मोरीत, मोरीतून अळूत, अळूतून—

७ ऑगस्ट
अळू उपटा म्हटलं, कारण सांगितलं नाही. चंद्रभागाबाई रुसल्या. गल्लीत चार घरी त्या पानं देतात. मला लाज वाटते, भीती त्याहून जास्त. सर म्हणाले, कुठे बोलू नका. आणखी लहान करा.

१३ ऑगस्ट
तीन निरोगी उंदरांना ती पानं घातली होती. गाठ नव्हती, मी स्वतः तपासलेले. आज तिघांच्याही मानेत हिरवा ठिपका. कण गाठीशिवाय थांबत नाहीत. चाचपलं. गाठ आहे.

१४ ऑगस्ट
चंद्रभागाबाईंना सगळं सांगितलं. रागावल्या नाहीत. माझ्यावर दिवा धर म्हणाल्या. गळ्याखाली एक हिरवा ठिपका. काखेत— तीन. "काय दिसून राहिलं, पोरी?"
काही नाही, म्हटलं मी.

१५ ऑगस्ट
आज दिवा त्यांच्या हातात. मी पाठमोरी बसलेय, वही मांडीवर. लिहीत राहिले की मागे वळून पाहावं लागत नाही. खोली अंधारी केली— निळा उजेड कागदावर— बोला ना—
त्या म्हणाल्या, काही नाही, पोरी.
पण त्यांचं बोट मानेवर टेकलं— तिथून खांद्यावर— तिथून पाठीवर— अजून मोजताहेत—