मनधरणीचे इंग्रजी शब्द

कवठे महांकाळ
१७ सप्टेंबर १९७३, सोमवार

अकरावीला, मॅट्रिकच्या वर्गाला, समानार्थी शब्द घेतले. सूद, प्लॅकेट, इन्ग्रॅशिएट, एन्डिअर. पुस्तकात चारही एकाच चौकटीत कोंबलेत. सूद म्हणजे रडणाऱ्या पोराला थोपटणं. प्लॅकेट, रुसलेल्या पाहुण्याची समजूत काढणं. इन्ग्रॅशिएट, पुढेपुढे करणं, ते पदर सावरत "साहेब, चहा घेता ना?" करून दाखवलं. वर्ग हसला. एन्डिअर अवघड गेला. शेवटी म्हटलं, आपण मुद्दाम काही करत नाही आणि तरी समोरच्याला आवडायला लागतो, ते.

हौसा, धनगरवस्तीवरची, मागच्या बाकावरून: "बाई, परीक्षेत कंचा येतो?"

२१ सप्टेंबर

संस्थेच्या अध्यक्षांच्या मुलीचा साखरपुडा. हेडमास्तरांनी तिसऱ्या तासाला मुलींना पंगतीत वाढायला पाठवलं. मुलगे वर्गातच. मला विचारलंही नाही. हौसा उठली नाही. न्यायला आलेल्या माणसाला म्हणाली, "मी हितं शिकाय येती, वाढाय न्हाई."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी फळ्याकडे वळले आणि पुढचं वाक्य लिहिलं.

२४ सप्टें.

हे.मा.नी बोलावलं. अध्यक्ष भडकलेत. पंगतीत पाहुण्यांसमोर कुणीतरी ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं म्हणे. हौसानं त्यांच्या घरी जाऊन पाया पडून माफी मागायची. नाहीतर मॅट्रिकला तिचं नाव बोर्डाकडे जाणार नाही.

"तुमचं ऐकते ती. प्लॅकेट करायचंय फक्त. तुम्हीच शिकवता ना?" स्वतःच हसले. मग आवाज उतरवून, "तुम्ही अजून टेंपररी आहात, बाई. कायम करणं त्यांच्या हातात आहे."

म्हणजे एका मनधरणीत दोघींचं काम.

खोलीवर येऊन भात टाकला. जेवले नाही.

२६ सप्टें.

शाळा सुटल्यावर हौसाच्या वस्तीवर. माफी माग, हेच सांगायला गेले होते. तिचे वडील बिरूदादा मेंढरं वाड्यात घालून आले, घोंगडं अंथरलं, सगळं ऐकून घेतलं. मग लेकीला, "काय वंगाळ बोललीस का?"

"न्हाई."

माझ्याकडे वळून म्हणाले, "आवं बाई, चुकली आसंल तर मी सोता येतो पाया पडाय. पर काय चुकली, त्येवढं सांगा."

काही नाही, म्हटलं. ती चुकलेली नाही, हे मला तिथं बसेपर्यंत कळत नव्हतं असं नाही. पण नोकरी आडवी येत होती.

हौसा ओढ्यापर्यंत सोडायला आली. "तुमची नोकरी जाईल का ओ?" जाऊ दे, म्हटलं. एकदा म्हटल्यावर पाय भराभर पडायला लागले.

१ ऑक्टो.

हे.मा.ना सांगून टाकलं. हौसा माफी मागणार नाही, मी तिला मागायला लावणार नाही. नाव गाळलं तर सांगलीला शिक्षण खात्याच्या ऑफिसात लेखी तक्रार देणार.

ते पेपरवेट फिरवत राहिले. "गोड बोलायला तुमचं काय जातं?"

"माझं काही जात नाही, सर. तिचं जातं."

बाहेर येऊन नववीचा तास घेतला. फळ्यावर अक्षर फार वाईट आलं.

९ ऑक्टो.

सांगलीला जाऊन अर्ज दिला. हे.मा. हो-नाही काहीच बोलेनात, मग थांबायचं कशाला? साहेबांनी वाचला. "चौकशी करू." बस्स. खुर्ची दिली नाही, गोडही बोलले नाहीत. ते बरं वाटलं. स्टँडवर भजी खाल्ली, दोन प्लेट. लय भूक.

१९ ऑक्टो.

हौसाचं नाव बोर्डाला गेलं. हे.मा.नी नजर न देता सांगितलं. चौकशीला भिऊन की त्यांनाच लाज वाटून, कोण जाणे. माझ्याकडे मात्र लेखी खुलासा मागितलाय: संस्थेच्या कार्यात अडथळा का आणला.

एका ओळीत दिला. 'मी तास चालू ठेवला.'

संध्याकाळी अध्यक्षांची जीप समोरून गेली. एरवी थांबून नमस्कार करते. आज चालत राहिले.

सातारा
३० ऑक्टो.

दिवाळीची सुट्टी. आईला सगळं सांगितलं. "त्यांना एकदा भेटून ये. वाकलीस म्हणून मोडत नाहीस." नाही म्हटलं. नाना, माझे वडील, फौजेतून रिटायर, घरात फारसे बोलत नाहीत. आज पेपरच्या आडून म्हणाले, "पोरीनं पोस्ट सोडली नाही, इतकंच केलंय."

आई तडक स्वयंपाकघरात गेली.

१० नोव्हें., शनिवार

सोमवारी शाळा उघडते. खुलाशाला उत्तर नाही. हजेरीच्या मस्टरवर माझं नाव आहे की खोडलंय, ते गेल्यावरच कळणार. उद्या निघते.

भांडी लावता लावता आई: "आणि नाव नसलं तर?"

"तरी वर्गात जाईन. काढायचं तर पोरांदेखत हाताला धरून काढावं लागेल."

आईनं फडताळ बंद केलं, हात पुसले.

"गाडी कितीची आहे?"

"सहाची."

"मग मला चारला हाक मार. भाकरी करून देते."