माझा मंगळवार, ऑर्फाचा गुरुवार

२४ फेब्रुवारी १९७६, मंगळवार

ट्वायलाचा फोन आला तेव्हा हात मक्याच्या पिठात होते — कोपराने उचलला. नात माझी. आता तिला टेक्सासपासून कॅलिफोर्नियापर्यंत लोक ओळखतात, पण पहिला प्रश्न तोच : "आजी, जेवलीस का?"

चौथी रेकॉर्ड करतेय. शेवटचं गाणं आमच्या चर्चच्या पुस्तकातलं हवंय तिला. गिटार नाही, ड्रम नाही, नुसते तीन आवाज. चाल ती गाणार. वरचा आवाज माझा. आणि मधला?

"मधला ऑर्फाआजीचा."

ऑर्फा म्हणजे माझी बहीण. मी म्हटलं, त्यापेक्षा तुझ्या त्या टेक्सासच्या दाढीवाल्याला बोलाव. म्हणाली, "दाढीवाला घरचा नाही ना आजी."

बोलता बोलता भाकरी करपली. कोंबड्यांची चैन.

२५ फेब्रुवारी

दिवसभर तिच्या तिन्ही रेकॉर्डी लावल्या. धुणं तसंच राहिलं, राहू दे.

पहिलीतला ड्रमवाला पत्र्यावर अक्रोड ओतल्यासारखा वाजवतो. पाद्रीबुवा म्हणाले होते, "व्हेस्टा, हे देवाला आवडत नसेल." मी म्हटलं, देवाचे कान तुमच्यापेक्षा तरुण आहेत. दुसरीत तो दाढीवाला — पोरीच्या आवाजामागे बरोबर एक पाऊल ठेवून चालतो. माझ्या नवऱ्याला हे चाळीस वर्षांत जमलं नाही. पण खरी माझी लाडकी तिसरी. त्यात ट्वायला आणि तिच्या दोन मैत्रिणी. कुणाचा आवाज कुठे संपला कळत नाही, जणू एकाच छातीतला श्वास. ते ऐकलं की डोळे पुसायला अ‍ॅप्रनच्या टोकाशी हात जातो.

आणि दर वेळी वाटतं, हे असं मी आणि ऑर्फा गात होतो.

२७ फेब्रुवारी

लिहूनच टाकते. इथे कोण वाचतंय.

आमच्या जुलैच्या गाण्याच्या मेळाव्यात वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचतात, त्यांच्यासाठी एक गाणं होतं. मग आजाऱ्यांची नावं, त्यांच्यासाठी दुसरं. त्या वर्षी लिहिणारी बाई आली नाही आणि कागद माझ्या गळ्यात पडला. माझी शाळा तिसरीत सुटली. पुस्तकातले सूर झोपेतही वाचीन, ते त्रिकोण, गोल, चौकोन काढलेले असतात. अक्षरांशी मात्र माझं पहिल्यापासून वाकडं.

ऑर्फाचा नवरा होइट तेव्हा छातीने आजारी. मी चुकून त्याचं नाव गेलेल्यांच्या पानावर लिहिलं.

वाचलं गेलं. होइट समोर खर्जवाल्यांच्या बाकावर बसलेला! हात वर करून म्हणाला, "मला अजून थोडा वेळ आहे. पण गाणं थांबवू नका." सगळं चर्च हसलं. ऑर्फा नाही हसली.

नोव्हेंबरात तो गेला. कबरीपाशी ती मला म्हणाली, "तू त्याला आधीच गाऊन पोचवलंस."

सात वर्षं झाली. आमच्या दोघींच्या घरांत दोन मैल. ती गायला दुसऱ्या चर्चात जाते.

२९ फेब्रुवारी, रविवार

ट्वायला ऑर्फाकडे जाऊन आली. तिच्या हातचा पेकनचा गोड केक संपवून आली, म्हणजे भांडण झालं नसावं.

ऑर्फा म्हणाली, "पोरी, तुझ्यासाठी गाईन. पण ती असेल त्या खोलीत नाही." पोरीने विचारलं, होइटआजोबा तर हसले होते ना? तर म्हणे, "हसला होता. घरी येताना गाडीत आठवून आठवून हसत होता, आणि मी त्याला गप्प बसवलं. त्याचं तेवढं हसणं बाकी होतं."

मी ताक प्यायले.

स्टुडिओतला वेंडेल म्हणतो, काही अडत नाही. एकीने मंगळवारी गायचं, दुसरीने गुरुवारी. जोडायचं काम त्याचं.

९ मार्च, मंगळवार

ट्वायलाने न्यायला गाडी पाठवली. नदीपाशी तो स्टुडिओ, बाहेरून कोळशाच्या वखारीसारखा. वेंडेलने मला एका भिंतीसमोर उभं केलं नि कानांवर डबे चढवले.

मी विचारलं, समोर कोण बसणार?

"समोर कुणी नाही, आजीबाई."

कुणी नाही म्हणजे? आम्ही चार बाजूंना तोंडाला तोंड करून बसतो. ऐकणारे असोत नसोत, गातो ते समोरच्या माणसाला. मी काही भिंतीला गाईना. शेवटी ट्वायलाने खोकं पालथं घातलं, गुडघ्याला गुडघा लावून बसली.

नेहमीसारखे आधी नुसते सूर गायले, फा सोल ला. वेंडेल काचेमागून हातवारे करायला लागला. ट्वायला म्हणाली, "शब्द विसरली नाही ती. आधी सूर, मग शब्द. बस खाली."

लहानपणापासून मी आणि ऑर्फा श्वास पाळीपाळीने घेतो, मध्ये फट पडू नये म्हणून. आजही ती जिथे घेते तिथे मी सूर धरून ठेवला. रिकाम्या जागेसाठी.

११ मार्च

आज ऑर्फाचा दिवस. कोंबड्यांना तीनदा दाणे टाकले.

१२ मार्च, शुक्रवार

झालं! पहिल्याच खेपेत, एक सूर चुकला नाही म्हणे. वेंडेलने दोघींना जोडलं, ट्वायलाने सकाळी फोनवर ऐकवलं. मधे सुईसुद्धा शिरणार नाही.

मी विचारलं, ती काही बोलली?

"नाही आजी. पर्स उचलली आणि गेली."

असो. कुणाच्या तरी घरी रेकॉर्ड फिरेल तेव्हा आम्ही शेजारी असू. आनंद झाला. खोटं कशाला लिहू, थोडा कमी झाला.

१३ मार्च, शनिवार

ट्वायलाचा फोन. काल दुपारी ऑर्फा एकटी गाडी चालवत पुन्हा स्टुडिओत गेली आणि आपलं गाणं पुसायला लावलं. वेंडेल रडायचाच बाकी. त्याला म्हणाली, "समोर कुणी नव्हतं, त्याला गाणं म्हणत नाहीत. व्हेस्टाला विचारा मंगळवारी मोकळी आहे का. मी आठला तिच्या फाटकाशी येते. हॉर्न वाजवणार नाही."

मोकळी आहे.