हाक मार की गप्प बस

४ फेब्रुवारी

चि. भोपळ्यास अनेक आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा,

पार्सल मिळालं. खोकं एवढं मोठं, की आईला वाटलं तू तिच्यासाठी शिलाई मशीन पाठवलंस. आत निघालं गेम खेळायचं यंत्र आणि तीन गेम! चाळिशी ओलांडलेली बहीण चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासून येते आणि भाऊ तिला घरी आणखी एका काचेसमोर बसवतो, याला काय म्हणावं? पण तू गेमच्या गोष्टी लिहितोस आणि घरात कुणी एक गेम बघितलेला नाही, ही तुझी कुरकुर आता बंद कर.

फोनवर कळवलं नाही, कारण आई. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढलेली बाई, कान अजून तिखट. आपलं बोलणं संपायच्या आत तिचं त्यावरचं मत तयार असतं.

दोन गेम पंधरा-पंधरा मिनिटं खेळले, तेवढ्यावरचं मत सांगते. मोटारींच्या शर्यतीत मी निघालेच उलट्या दिशेने. आई मागून गिअर बदल, हॉर्न दे म्हणून ओरडत होती. तिने जन्मात सायकल चालवलेली नाही. दुसऱ्यात एका बेटावर गाजरं लावायची. तिथला कोल्हा रोज येऊन काहीतरी मागतो आणि नाही दिलं की तोंड पाडून बसतो. लहानपणचा तू आठवलास. गाजरं मात्र मला आवडली.

तिसऱ्या डबीवर तुझं नाव सगळ्यात वर छापलंय. आईने त्यावरून तीनदा हात फिरवला. तो गेम रविवारी निवांत लावणार आहे. वजन वाढलं तर वाढू दे, लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

८ फेब्रुवारी

चि. भोपळ्यास,

आशीर्वाद लिहायला आज हात धजत नाही.

वीस मिनिटं खेळले तुझा गेम. त्यात दुपारचे दोन वाजलेत. आई पलंगावर झोपलीय, कुशीत पाच वर्षांचा मुलगा. अकरा वर्षांची मुलगी टेबलाखाली बसून नकाशा रंगवतेय. बाबा बूट हातात घेऊन येतात. बॅगेचं कुलूप मोडलंय म्हणून तिला पट्टा आवळलेला. ते मुलीच्या हातावर पेपरमिंटची गोळी ठेवतात, संध्याकाळी येतो म्हणतात, आईला उठवू नकोस म्हणतात आणि दाराची कडी काढतात. मग पडद्यावर दोन बटणं येतात. एक हाक मार, दुसरं गप्प बस. मी यंत्राची वायरच ओढून काढली.

अरे, हे मी सहा वर्षांपूर्वी फक्त तुला लिहिलं होतं! बाबा परत आले नाहीत. चार वाजता आईने ते कुठे गेले विचारलं, तेव्हा मी माहीत नाही म्हणाले, हेही लिहिलं होतं. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं होतं ते. वाचून जाळ म्हणाले होते. तू उलट टपाली कळवलंस, की जाळलं, बेसिनमध्ये राख पडली. राख! आणि आता ती गोळी, तो पट्टा सगळं दुकानात मांडून बसलायस. केसाने गळा कापलास माझा.

आई तेव्हा आंघोळीला गेली होती म्हणून निभावलं. पण तुझ्या नावाचा गेम कधी लावतेस, हे तिचं पालुपद चालूच आहे. तिला कळलं की मी जागी होते आणि गप्प बसले, तर ती माझ्याकडे कशी बघेल? या एका भीतीत मी तीस वर्षं तिच्या ताटाला ताट लावून जेवतेय.

ताई

१५ फेब्रुवारी

ती. ताईस, पायांवर डोकं ठेवून,

पत्र जाळलं नाही. काडी ओढली होती, पुढे हात गेला नाही. त्यात शेवटी तू विचारलं होतंस, की मी हाक मारली असती तर बाबा थांबले असते का? मी पाच वर्षांचा, झोपलेला, मला काय माहीत? उत्तर देता आलं नाही म्हणून तो गेम लिहिला.

वीस मिनिटांत मत ठरवू नकोस. पुढे खेळ. हाक मार नाहीतर गप्प बस, बाबा जातातच. कडी वाजते, जिन्यावर पावलं उतरतात, संपलं. तुझा काही दोष नव्हता, एवढंच मला सांगायचं होतं. पत्रात लिहिलं असतं तर तू हसण्यावारी नेलं असतंस. आईचं मनावर घेऊ नकोस, तिला तो नुसता गेम वाटेल.

हवं तितकं रागाव, पण परकं करू नकोस.

तुझाच भोपळ्या

२७ फेब्रुवारी

चि. भोपळ्यास,

तुझ्या शब्दावर रविवारी पुन्हा गेम लावला. म्हटलं, पोराने माझ्यासाठी एवढा खटाटोप केला, शेवटपर्यंत बघावं. आई मटार सोलत शेजारी येऊन बसली. तिला उठवायला काही कारण सुचेना. पट्टा दिसला आणि तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

मी हाक मार दाबलं.

ते थांबले, भोपळ्या. वळले, बॅग खाली ठेवली, बूट कोपऱ्यात लावले आणि मुलीच्या शेजारी नकाशा रंगवायला बसले. संगीत सुरू झालं आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत शाब्बास आलं. शाब्बास म्हणे!

आईने एकच विचारलं, त्या दुपारी तू जागी होतीस का. मी हो म्हणाले. ती मटार घेऊन आत गेली. आज पाचवा दिवस, भाजीत मीठ कमी आहे एवढंसुद्धा माझ्याशी बोललेली नाही. मी दुकानात गेले की ती गेम लावते. संध्याकाळी हात लावून बघते तर यंत्र गरम असतं.

मी विचारलं होतं त्याचं उत्तर शेवटी दिलंस तू. हाक मारली असती तर थांबले असते.

ताई

५ मार्च

ती. ताईस,

मी लिहिला तेव्हा तो तसा नव्हता. आधी वीस जणांना खेळायला दिला. सगळे म्हणाले, हाकेचं बटण बिघडलंय, दाबून काही होतच नाही. साहेब म्हणाले, दाबलं की माणसाला काहीतरी मिळालं पाहिजे, बदलायचं नसेल तर गोष्ट दुसऱ्याकडे देतो. मी मान डोलावली. डबीवर नाव सगळ्यात वर येणार होतं.

तुला मागचं पत्र लिहिताना हे मला ठाऊक होतं. विसरलो असं म्हणणार नाही. तू गप्प बस हेच दाबशील असं धरून चाललो. ते दाबलं तर बाबा जातात आणि मुलीला कुणी बोल लावत नाही. तेवढा भाग मी लिहिला तसा राहिलाय. तू जन्मभर गप्प बसलीस, मी त्याच भरवशावर राहिलो.

लोभ ठेव म्हणायला तोंड उरलेलं नाही.

भोपळ्या

१२ मार्च

चि. भोपळ्यास आईचे आशीर्वाद,

तुझा गेम अठ्ठावीस वेळा खेळले. यंत्र लावायला शिकले. जन्मभर वायरी जोडल्या, त्यात ही एक. माणसाचा चेहरा काही तुला जमलेला नाही, पण पट्टा हुबेहूब आहे. तुझी पत्रंही वाचली. ताई ती चष्म्याच्या रिकाम्या डब्यात ठेवते आणि तिला वाटतं तिथे कुणी बघत नाही.

एक चूक कळवते. तू त्या बाईला झोपवलंयस. मी झोपले नव्हते. भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांनी बूट उचलले तेव्हापासून ऐकत होते. मला उठवू नकोस म्हणाले, तेही ऐकलं. माझा हात तुझ्या अंगावर होता, तो मी हलवला नाही. रोजच्या भांडणाने जीव विटला होता. म्हटलं, जातायत तर जाऊ देत. कडी वाजली आणि मला दोन तास गाढ झोप लागली.

चार वाजता उठून ताईला विचारलं, बाबा कुठे गेले. मला ठाऊक होतं. पण माहीत नाही असं घरात कुणीतरी म्हणायला हवं होतं आणि ते मला म्हणायचं नव्हतं.

ताईला वाटतंय मी तिच्यावर रागावलेय. वाटू दे. खरं कळलं तर ती मला माफ करेल, तिचा स्वभावच तसा. मग रोज तिच्यासमोर बसून जेवणं मला झेपायचं नाही. तिला काही कळवू नकोस.

तुम्हा दोघांवर माझा जीव आहे, तो आहे तसाच राहील. हे पत्र मात्र खरंच जाळ.

तुझी आई