आखूड पाइप

शनिवार, संध्याकाळ. भोईवाडा.

चार वाजता माझी जुनी जीप जॅकवर घेतली. मागचं चाक खाली लोंबकळलं, तसा ब्रेकचा रबरी पाइप तारेसारखा ताणला गेला. डोंगरात न्यायची म्हणून स्प्रिंगा बदलून गाडी दोन इंच उंच केली होती, पाइप मात्र जुन्याच मापाचा ठेवला होता. सपाट रस्त्यावर निभावतं. खडकात चाक अधांतरी सुटलं की पाइप तुटणार, ब्रेक जाणार.

माझा मित्र दिलीप, त्याची गाडीही मीच उंच केली होती. अगदी तशीच. तो आज दुपारी लेकीला घेऊन घाटाकडे निघाला.

लगेच फोन करायला हवा होता. मी पाइप पुन्हा मोजत बसलो. तीनदा. खात्रीसाठी? की चूक माझी नाही असं निघेल म्हणून?

शेवटी साडेपाचला फोन लावला.

"काय रे, घरी बसून जळतोयस ना?" मागे लेकीची बडबड.

"दिल्या, खडकात गाडी घालू नकोस. ब्रेकचा पाइप आखूड पडतोय. डांबरी रस्त्यानं सावकाश परत ये."

तो म्हणाला, "अजून पायथ्याशीच आहोत, चहा पितोय. नशीब, तुझं लक्ष असतं बाबा."

मी नुसतं "हो" म्हणालो.