रामेश्वरची ओटी

२ फेब्रुवारी १९५७, चिंचवड

जायचं ठरलं! मला विचारलं नाही, सांगितलं. थोरले दीर हिंदुराव — मी दादा म्हणते — चऱ्होलीहून मुद्दाम आले. "यशवंताला वरीस झालं. त्याच्या नावानं रामेश्वर करून येऊ. पोरांनाबी घ्या."

ह्यांच्या नावानं! हे होते तोवर दादांनी ह्यांच्या नावानं फक्त खडे फोडले.

खरं कारण मला ठाऊक आहे. पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यातून मला बोलावणं आलंय — एक मार्चपासून, बाटल्या तपासायचं काम. सातवी पास असल्याचा पहिल्यांदाच काही उपयोग. दादांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाले, "आमच्या घरची बाई बाटल्या पुसायला जानार?" आणि आठवड्यात रामेश्वर! देव अगदी वेळेवर आठवला.

कामावर गेले तर ज्योतीराम आणि कुशी यांच्याजवळ कोण थांबणार? तो सात वर्षांचा, ती चार. याचं उत्तर माझ्याजवळ नाही. दादांना ते माहीत आहे.

५ फेब्रुवारी, गाडीत

दादांची पिठाची गिरणी. त्यामुळे अर्धं पोतं ज्वारीचं पीठ आमच्याबरोबर तीर्थयात्रेला निघालंय. स्टोव्ह, तवा, ठेच्याची बरणी. "तिकडं नुसता भात खात्यात. मानूस मरंल."

सोलापूरच्या पुढं ज्योत्या ओकला. दादांच्या नव्या फेट्यावर! मी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघितलं. हसू आलं होतं — वर्षात पहिल्यांदा.

जाऊबाई म्हणजे शालनबाई. त्यांनी फेटा तसाच ठेवला आणि आधी पोराचं तोंड पुसलं. लग्नाला बारा वर्षं, पोटी मूल नाही. म्हणून ज्योत्याला खिडकी, ज्योत्याला लिंबाची गोळी, ज्योत्याचं डोकं मांडीवर. कुशीला पिठाचं पोतं. लाड कुणाचे करावेत हे जाऊबाईंना बरोबर कळतं.

७ फेब्रुवारी

मद्रास. दादा हमालाशी मराठीत भांडले आणि हरले.

९ फेब्रुवारी, रामेश्वर

बेट म्हणजे सगळीकडून पाणी, हे ज्योत्याला शिकवलं होतं. त्याला खरं वाटत नव्हतं. गाडी समुद्रावरच्या पुलावर आली — दोन्ही बाजूंना नुसतं पाणी, खाली बघवेना. दादांनी डोळे मिटून रामनाम सुरू केलं. पोरं खिडकीच्या गजांना चिकटलेली. कुशी ओरडली, "आई, पवना केवढी झाली!" तिला दुसरी नदी माहीत नाही.

रामेश्वर म्हणजे वाळू, नारळीची झाडं, झावळ्यांच्या झोपड्या आणि शेळ्या. शेळ्या बिनदिक्कत देवळाकडं निघालेल्या. त्यांना कुणी सोवळं-ओवळं विचारत नाही.

संध्याकाळी पोरांना पाण्यावर नेलं. कुशीनं शंख ओच्यात भरले, त्यातला एक चालायला लागला तशी किंचाळून सगळे फेकले. मग परत वेचले.

ह्यांना समुद्र बघायचा होता. देहूरोडच्या डेपोच्या कामानं दोनदा मुंबईला गेले, दोन्ही वेळेस कचेरीतून थेट स्टेशनवर. म्हणायचे, पुढच्या खेपेला. मी वाळूत बराच वेळ बसून राहिले. जाऊबाईंनी विचारलं, "भावजींनी बगितला व्हता का समुद्र?" मी उठून पोरांची अंगं पुसायला लागले.

१० फेब्रुवारी

देवळात बावीस कुंडं. प्रत्येकाशी एक माणूस बादली घेऊन उभा, डोक्यावर ओततो. नवव्या कुंडापाशी दादांचे दात वाजायला लागले. ज्योत्या एकेका कुंडाशी दोनदा भिजून आला. कुशीनं तीर्थात काय केलं ते लिहीत नाही. दादा तिच्या मागच्याच रांगेत हात जोडून उभे होते.

दादा-जाऊबाईंच्या संकल्पाला माझी सावली नको. गुरुजी नव्हे, दादाच म्हणाले, "धाकले, जरा तिकडं." मी खांबाआड गेले. देवळात खांब इतके आहेत की आमच्या तालुक्यातल्या सगळ्या विधवा मावतील. बांधणाऱ्यानं विचार करूनच बांधले असावेत.

गुरुजींचे पूर्वज आपल्याच मुलखातले. मराठी बोलतात, पण जुनी आणि गाणं म्हटल्यासारखी. त्यांच्याच घरी उतरलो आहोत. दुपारी कुशीला थोपटत होते. पलीकडं दादा म्हणत होते, "पोराची आई तयार हाय." गुरुजी म्हणाले, "मग परवा करू. मात्र ओटीत घालायचं ते आईच्याच हातानं."

हात थांबला. दत्तक! ज्योत्याला जाऊबाईंच्या ओटीत घालायचं. इतक्या लांब आणलं ते यासाठी. इथून मी पोरं घेऊन पळणार कुठं? चहूकडं पाणी.

११ फेब्रुवारी

आज उघड बोलले. माझ्याशी नव्हे — भिंतीकडं बघून.

"ज्योतीराम आमच्या ओटीत. गिरनी, रान, समदं त्याचं. पोरीला घिऊन तुमी खुशाल कारखान्यात जा. कोन अडवतंय?"

जाऊबाई भाकरी थापत होत्या. मान वर केली नाही. त्यांना काय, बसल्या जागी सात वर्षांचा वाढवलेला मुलगा!

थोरल्या दिरासमोर मी आजवर तोंड उघडलेलं नाही. नाही म्हणायला आधी बोलायची सवय लागते.

दादा म्हणाले, "गप ऱ्हायली म्हंजे व्हय."

गंमत अशी — वर्षभर हळदीकुंकवाला, बारशाला, काल संकल्पालासुद्धा मी मागं. माझा हात अशुभ. उद्या मात्र मी सगळ्यांच्या पुढं बसायचं! द्यायच्या वेळी विधवेचा हात चालतो.

ज्योत्याला अजून सांगितलेलं नाही. झोपेत त्याचा पाय माझ्या अंगावर आहे.

१२ फेब्रुवारी

घडलं तसं लिहिते.

सकाळी समुद्रात स्नान. ओल्या कपड्यांनीच वाळूत बसवलं. वारा अंगाला झोंबत होता. पोरांनी वाळूची पिंड केली, कुशीनं तिला शंखांचे डोळे लावले. दादांनी पायानं बाजूला सारली — गुरुजींना चौरंग मांडायला जागा हवी म्हणून.

जाऊबाई समोर पदर पसरून बसल्या. गुरुजी मला म्हणाले, "बाई, आपण म्हणावं — हा मुलगा मी दिला."

ज्योत्याचं मनगट माझ्या हातात. सोडवत नव्हतं, ओढून घ्यायचं बळही नव्हतं.

"बोला की!" दादा.

ज्योत्यानं माझ्याकडं बघितलं. "आई, मला कुनाला देनार?"

दादांनी पोराचा दुसरा दंड धरला आणि पुढं लोटलं.

जाऊबाई उठल्या. पदर झटकला, खोचला. वाळू गुरुजींच्या पळीपंचपात्रात गेली.

"पोर गारठलंय. न्हाई घ्यायचं मला."

"खाली बस!"

"तुमीच बसा. तुमचंच धोतर पसरा आन् घ्या ओटीत."

गुरुजी समुद्राकडं बघायला लागले. एका हातानं ज्योत्याला, दुसऱ्या हातानं कुशीला धरून जाऊबाई कोरडे कपडे घालायला घेऊन गेल्या. मी आणि दादा चौरंगाच्या दोन बाजूंना तसेच. मग मीही उठले. त्यांना सांगितलं नाही, विचारलं नाही.

१५ फेब्रुवारी, गाडीत

दादा एकदाच बोलले. "बारा वर्सं वाट बगितली. आता दुसरी करतो." जाऊबाई म्हणाल्या, "करा की. कायद्यानं परवानगी न्हाई, पर तुमाला कायदा कुटं वाचता येतोय." आणि कुशीला लिंबाची गोळी दिली.

मी त्यांच्याबद्दल पाच तारखेला काय लिहिलं ते वाचलं. खोडत नाही. राहू दे.

२६ फेब्रुवारी, चिंचवड

शेजारी सोजराबाईंना विचारलं, पोरांना सांभाळाल का. त्यांचीच पाच आहेत. ह्यांच्या मावशीला विचारलं — "बाईनं घरात बसावं." मावशी स्वतः कधी घरात सापडत नाहीत!

येत नाही म्हणून कारखान्याला कळवावं लागणार.

१ मार्च

पहिली पाळी करून आले. काल दिवेलागणीला दारात जाऊबाई — चऱ्होलीहून चालत, काखेत बोचकं. "सुमन, पोरांजवळ कोन थांबनार हाय उद्या?" एवढंच विचारलं आणि चूल पेटवली.

दुपारी दादा त्यांना न्यायला आले होते, ज्योत्या सांगतो. जाऊबाई आतूनच म्हणाल्या, "पोरं जेवत्यात. दारातनं बाजूला व्हा, उजेड अडतोय."