इन्व्हर्टर ओरडला की

प्रिय अजू,

तुझा मेसेज वाचला. महिनाभर घरी येतोयस, सोबत कॉम्प्युटर आणतोयस, त्याच्या प्रोसेसरला नवा कूलर बसवलाय आणि आता पॉवर लिमिट पूर्ण उघडी ठेवली तरी तो तापत नाही म्हणे. खाली कॉम्प्युटरच्या वेगाच्या स्कोअरचा फोटो. तो बघून माझं डोकं असं भणाणलं की पुढच्या तासाला सहावीच्या पोरांवर उगाच ओरडले. फोन केला असता तर 'ताई, ऐक तर' म्हणत तू मला नेहमीसारखं गुंडाळलं असतंस. म्हणून लिहिते आहे. निदान वाचताना तरी मध्ये बोलू नकोस.

मागच्या उन्हाळ्यात तुझं काम घरून चालू होतं. सावेडीत मे महिन्यात लाईट कशी जाते हे तुला माहीत होतं, आणि लाईट गेली की आईचं ऑक्सिजनचं मशीन आपल्या इन्व्हर्टरवर चालतं हेही माहीत होतं. चुलीच्या धुरानं तिच्या फुप्फुसांत काही ठेवलेलं नाही. त्या मशीनशिवाय ती जेमतेम मोरीपर्यंत जाते. तूच मला शेजारी बसवून समजावलंस, की प्रोसेसरनं किती वॅट ओढायचे याचा आकडा सेटिंगमध्ये असतो, तो खाली ठेवला की इन्व्हर्टरवर दोन्ही आरामात चालतात. माझ्यासमोर तू पासष्ट टाकलेस. मला किती कौतुक वाटलं होतं तुझं! आणि माझी पाठ फिरल्यावर तू ती लिमिट काढून टाकलीस. कशासाठी? मित्रांच्या ग्रुपवर स्कोअर टाकून चार अंगठे मिळावेत म्हणून. आईच्या मशीनचा विचार तुझ्या मनाला शिवला तरी का रे?

तो शनिवार आठव. शाळा सकाळची होती, मी भर दुपारी घरी आले. लाईट गेलेली, इन्व्हर्टर टीं टीं करत होता. तुझ्या खोलीचं दार बंद, आत कॉम्प्युटरचे पंखे घोंगावत होते आणि तुझ्या कानांवर हेडफोन. बाहेर आई पलंगावर बसून धापा टाकत होती. तिची नखं निळी पडली होती आणि ऑक्सिजनचं मशीन बंद होतं. मी ते चालू केलं, तर इन्व्हर्टर आणखी जोरात ओरडायला लागला. मग मी तुझ्या खोलीत आले आणि भिंतीतून तुझी पिन उपटली. त्यावर तू काय केलंस? आईकडे न बघता माझ्यावर धावून आलास. सगळं रेंडर गेलं, तासन्‌तास चाललेलं काम वाया गेलं, अडाणी आहेस, जळतेस माझ्यावर, असं वाट्टेल ते बोललास. अजूनही मावशीकडे, मामांकडे तेच सांगत फिरतोस, की ताईनं माझ्या कामाचं वाटोळं केलं. मी वर्षभर ते गिळलं. आता नाही गिळणार.

ऑक्सिजनचं मशीन बंद कसं पडलं, हे तू कधी विचारलंस? ते पडलं नव्हतं. आईनं केलं होतं. आपल्या घरात लोड जास्त होऊन इन्व्हर्टर ओरडला की जवळ असेल तो माणूस काहीतरी बंद करतो. कधी मिक्सर, कधी टीव्ही. आईच्या हाताशी जे होतं ते तिनं बंद केलं. आणि हे त्या दिवशीचंच नव्हतं. लाईट जायची, इन्व्हर्टर ओरडायचा, ती स्वतःचा श्वास बंद करून तुझं काम संपायची वाट बघत बसायची. मी रागावले तर मलाच समजावते: "त्याचं काम मधीच बंद पडलं तर खराब हुतं गं. मी काय, बसून तर हाय." वर मला शपथ घातली, "अज्याला सांगू नको, लई मनाला लावून घेईल त्यो." ती शपथ मी आज मोडली. तू मनाला लावून घ्यावंस, हीच माझी इच्छा आहे.

तू ये. आईला तू हवा आहेस, मलाही हवा आहेस, भांडायला तरी. पण कॉम्प्युटर पुण्यालाच ठेव. आकडा खाली करतो, शपथेवर करतो, असलं काही मला सांगू नकोस, माझा तुझ्यावर भरवसा उरलेला नाही. हे पत्र आजच लिहायचं कारण एवढंच, की काल आईला मी तुझा मेसेज वाचून दाखवला. खूप हरखली. मग म्हणाली, पलंग खिडकीपासून काढून स्विचबोर्डाच्या भिंतीला लावून दे, उन्हाची झळ लागते. मी सरकवून दिला. ती आडवी झाली आणि मी बघत नाही असं वाटून तिनं हात वर करून पाहिला, पडल्या पडल्या मशीनच्या बटणापर्यंत पोचतो का.

तुझीच, अजून न निवळलेली,
सविताताई