खिंडीच्या अलीकडे

४ जून
निघालो! एकोणीस किलो सामान आणि एक नवरा — ही वर्गवारी मास्तरणीची. (बायको शाळेत खेळ शिकवते. गळ्यात शिट्टी. मी रेंगाळलो की वाजते.) चाळीस दिवस, सात खिंडी, पहिली सहाव्या दिवशी. पहिल्याच चढाला कळलं — संसारात आमचा द्वंद्व समास असेल, सायकलीवर तत्पुरुष. उत्तरपद प्रधान. पूर्वपद धापा टाकत मागे.

५ जून
डोकं दुखतंय. ऊन लागलं असेल.

६ जून
आज ऊन नाही. तरी दुखतंय.

मास्तरणीला सांगितलेलं नाही. सांगितलं तर सायकली खाली वळवेल आणि वर म्हणेल, "काही बिघडत नाही रे." हे मी तीनदा ऐकलंय. एकदा निवडणूक लागली आणि संपादकांनी माझी रजा रद्द केली. मग लेकीची बारावी. मग आईचं खुब्याचं हाड. बावीस वर्षं या वाटेचा तिचा नकाशा कपाटात! घड्यांवर फाटला, तर चिकटपट्टीनं डोंगर जोडलेत. चौथं कारण माझं डोकं होणार नाही.

"गप्प गप्प का रे?"
"निसर्ग पाहतोय."
"डोळे मिटून?"

७ जून
जेवण गेलं नाही. ताट हळूच तिच्याकडे सरकवलं, तिनं चाटूनपुसून संपवलं. चढावर गुणगुणत होती! लग्नानंतर इतकी खूश पहिल्यांदाच — लग्नात होती की नाही, खात्री नाही.

खिंडीपलीकडे दोन दिवस फोन लागणार नाही. म्हणून खिंड ओलांडल्याचा लेख पेपरला आजच पाठवला. सभा सुरू होण्याआधी सभेचं वृत्त लिहून ठेवणारी आमची बातमीदारांची जात. त्यात एक खुसखुशीत परिच्छेद — पाच दिवसांची डोकेदुखी बायकोपासून कशी लपवली. (त्यातले दोन दिवस आगाऊ.) वर ठळक सूचना: दहा तारखेआधी छापू नये.

८ जून
छापला! जाहिरात आली नाही, अर्धं पान रिकामं, उपसंपादकानं मला त्यात कोंबलं.

लेकीनं वाचला. फोन केला तो आईला. मास्तरीण साखळीला तेल घालत होती.

"हो का? पाच दिवस? अगं, निघून पाच दिवस झालेत! ... नाही गं, खिंड कुठली? अलीकडेच आहोत."

फोन ठेवला. बातमीदाराच्या घरातली बातमी घरच्यांना वर्तमानपत्रातून कळावी!

"ऊठ."
"अगं, थोडंसंच —"
"ऊठ म्हणते ना!"

खिंडीखालच्या चौकीवरच्या डॉक्टरीणबाईंनी प्राणवायू मोजायचा चिमटा बोटाला लावला, आकडा पाहून ओठ आवळले. मग सरळ रेषेत चालायला लावलं. मी चाललो. सरळच, असं माझं मत. दोघींचं वेगळं पडलं.

"उंची बाधलीय. आत्ताच्या आत्ता खाली. उद्या नाही."

९ जून
खालचं गाव. डॉक्टरीणबाईंच्या जीपमधून सायकलींसकट आलो. डोकेदुखी थांबली, भूक परतली. मास्तरीण माझे मोजे धूत होती. पिळण्यात जरा जास्तच जोर.

"तू जा," म्हटलं.
"काही बिघडत नाही."

चौथ्यांदा! उठून बसलो. "बिघडतं. बावीस वर्षं बिघडतंय. मी खालच्या रस्त्यानं मोटारीतून पलीकडे येतो."

"मला तू बरोबर हवा होतास, गाढवा."

मी नुसती बादली तिच्याकडे सरकवली. तीस वर्षं शब्दांवर पोट भरतोय.

मोजे वाळत टाकले. मग चिमट्यात स्वतःचं बोट घालून घ्यायला डॉक्टरीणबाईंकडे गेली.

१० जून
संपादकांचा फोन. "दुरुस्ती काय छापू?" म्हटलं, उद्या संध्याकाळपर्यंत थांबा.

तिचा आकडा उत्तम. रात्रभर तिच्या ब्रेकच्या तारा तपासत बसलो. मला त्यातलं काही कळत नाही.

११ जून
पहाटे गेली. चौकीपर्यंत डॉक्टरीणबाईंच्या जीपमधून, पुढे एकटी.

दुपारी चौकीवरून डॉक्टरीणबाईंचा निरोप — "बाई वर पोचल्या. तिथून दुसरी खिंड दिसते म्हणे. म्हणाल्या, मोटार त्या खिंडीपलीकडे आणा."

मोटारवाला म्हणतो, वळसा घालून तिथवर तीन दिवस. म्हटलं, चार लागले तरी चालतील.